मावळांतील शिपाईघरें आणि मनाची जखम

लढाई संपल्यावर शिपायाचें व त्याच्या घराचें काय झालें, याचा शोध घेणाऱ्यास आपल्या कागदपत्रांत सामग्री थोडी नाहीं. अफझलखानाच्या स्वारीनंतर (१६५९) शिवाजीमहाराजांनीं कामास आलेल्या लोकांच्या मुलांचा निर्वाह चालविला, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निमें वेतन करून दिलें व जखमींस जखम पाहून २५ पासून २०० पर्यंत होन दिले, असें सभासद सांगतो. पेशवाईंत पडलेल्याच्या मुलांची तजवीज 'बालपरवेशी' या नांवानें होत असे. पेशवेदप्तर ज्यांनीं चाळलें आहे त्यांस हा शब्द नवा नाहीं. तात्पर्य, देहाची जखम मोजली जाई व माणूस गेल्यास घराची सोय लावली जाई. मनाच्या जखमेचा रकाना मात्र या याद्यांत नाहीं.

ती जखम तेव्हां होत नसे असें नव्हे. मावळांतील तळेगांवचें दाभाडे घराणें पहावें. सेनापति त्रिंबकराव दाभाडे १ एप्रिल १७३१ रोजीं डभईनजीक बाजीराव पेशव्यांच्या फौजेशीं लढतांना पडले. शाहूमहाराजांनीं मातोश्री उमाबाईंचें समाधान करून सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस दिलें. यशवंतराव पुढें व्यसनाधीन झाले व तें पद त्यांस पेललें नाहीं. त्याचा संबंध बंधूच्या मृत्यूशीं जोडण्याची घाई कोणीं करूं नये. तथापि पदाचीं वस्त्रें मिळाल्यानें घर सावरतेंच असें नाहीं, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रांतील अनेक गांवीं दगडी पाट्या बसविण्यांत आल्या. त्यांवर दोनच आंकडे असतात : गांवांतून किती माणसें युद्धावर गेलीं व त्यांपैकीं किती मेलीं. जे परत आले, पण पूर्वीसारखे राहिले नाहींत, त्यांचा तिसरा आंकडा कोणीं कोरला नाहीं. वास्तविक याच युद्धांत, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्यानें अशा रोग्यांचें वर्णन 'शेल शॉक' या नांवानें प्रसिद्ध केलें. गोळा जवळ फुटल्याच्या धक्क्यानें हा विकार जडतो, अशी प्रथम समजूत होती. पुढें ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता अशांसहि तो जडलेला दिसला. झोप उडणें, दचकणें, घडलेला प्रसंग पुनःपुन्हां डोळ्यांपुढें उभा राहणें, घरच्यांशीं अबोला, संताप, दारू, हीं त्याचीं लक्षणें होत. 'स्वभाव बदलला' म्हणून घरच्यांनीं गप्प बसावें, ही रीत मात्र अजून गेलेली नाहीं.

मावळाचा सैन्याशीं संबंध आजहि आहे. लोणावळ्यास आरमारी यंत्रविद्या शिकविणारें 'शिवाजी' हें ठाणें १९४५ पासून असून आरमाराचें 'कस्तुरी' रुग्णालयहि तेथें आहे. सबब मदतीचीं दारें येथें नोंदविणें अप्रस्तुत होणार नाहीं. नोकरींत असलेल्यानें प्रथम आपल्या ठाण्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास गांठावें. निवृत्तिवेतन घेणारे माजी सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असलेलीं माणसें यांच्यासाठीं एप्रिल २००३ मध्यें सुरू झालेल्या 'ईसीएचएस' योजनेचे दवाखाने आहेत. कागदपत्रांची अडचण असल्यास पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारावें. ज्या पत्नीस वा मातेस यांपैकीं कोठेंहि जाण्याचा धीर होत नाहीं, तिनें १४४१६ या क्रमांकावर बोलावें. 'टेलि-मानस' नांवाची ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. अहोरात्र व मराठींतहि बोलतां येतें. सैन्यासाठीं तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत १ डिसेंबर २०२३ रोजीं उघडण्यांत आला. बोभाटा होईल या भीतीनें थांबूं नये. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दिलेला आहे. जीव देण्याची भाषा कानीं आल्यास मात्र त्या माणसास एकटें न सोडतां तत्काळ जवळचें रुग्णालय गांठावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शिपाईघरांतील दप्तरें पाहतांना सनदा व इनामपत्रें तेवढीं उचलूं नयेत. घरगुती पत्रेंहि जपावीं. अमका रात्रीं झोंपत नाहीं, तमका कोणाशीं बोलत नाहीं, अशी ओळ आढळल्यास ती निराळी टिपून ठेवावी. पाटीवर न कोरलेला तिसरा आंकडा अशाच ओळींतून हातीं येण्याचा संभव आहे. आणि दप्तर दाखविणाऱ्या घरांत असें माणूस आज हयात असेल, तर नक्कल घेऊन उठण्यापूर्वीं वरील क्रमांक तेथें लिहून द्यावा.