जानेवारीची पहाट

मुंबईला थंडी ती कसली, असे म्हणणाऱ्यांनी २२ जानेवारी १९६२ आठवावा. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता! आमच्या परळच्या चाळीतून आजोबा तेव्हाही गोधडी सारून, कानटोपी चढवून, भोंग्याबरोबर पहिल्या पाळीला निघत.

आजोबांची सारी नोकरी रिंग खात्यात गेली. साच्यावर पगार जास्त. पण ते तरुणपणी गिरणीत लागले तेव्हा धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? म्हणून साचेखात्याचे दार बंद. आमच्या माणसांनी काढलेल्या सुताचे कापड मात्र साऱ्यांना चाले! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी पुन्हा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील घरी बसले, गिरणगावची पहाट मुकी झाली. आजोबा तर केव्हाच निवृत्त झालेले, तरी ठरल्या वेळी अंथरुणात उठून बसत.

आजी म्हणे, "अहो, झोपा की. भोंगा कुठं झाला?"

"झाला नाही, म्हणूनच जाग आली."