मुलं सांगतील, पण कुणाला?

२०१० च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचे रकाने उघडले. आवड, छंद, व्यक्तिमत्त्वातले गुण, सुधारणा आवश्यक. मूल म्हणजे केवळ टक्के नव्हेत, हे सरकारी कागदावर उमटलं याचं मला आजही मोल वाटतं. पण साठ-साठ मुलांचे वर्ग आणि डोक्यावर सत्रअखेर! तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानांत आल्या, पुढे त्यांच्याच पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या. 'मित्रांना मदत करतो', 'आत्मविश्वासाने बोलतो' ही वाक्यं शेकडो मुलांच्या वाट्याला जशीच्या तशी आली. एवढं काम अंगावर असताना शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. मला खुपतं ते वेगळंच. रकाना मुलाच्या मनाविषयीचा होता आणि त्यात मुलाला एक अक्षरही लिहायची सोय नव्हती.

तिथून आजवरची वाटचाल पाहताना मी तीनच गोष्टी शोधत जातो: किशोरवयीन मुलाच्या मनाबद्दल लिहितं कोण, वाचतं कोण आणि वाचल्यावर त्याच्याशी बोलतं कोण.

मुलांनी स्वतःच स्वतःला चाचपून पाहावं, यासाठीची साधनं तोवर जगात पुष्कळ झाली होती. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची प्रश्नावली पंचवीस विधानांची. अकराव्या वर्षापासून मुलं ती स्वतः भरू शकतात. कॅनडातल्या मायकल उंगर यांनी तग धरण्याची ताकद जोखणारी अठ्ठावीस प्रश्नांची मोजणी बसवली, तीही भारतासह अकरा देशांतल्या मुलांशी बोलून. तुला पोटभर मिळतं का, घरच्यांना तुझ्याबद्दल माहीत असतं का, अडचणीत कुठे मदत मागायची ठाऊक आहे का, असं ती विचारते. मुलाचा कणखरपणा एकट्या त्याच्या छातीत नसतो, घरात, गल्लीत आणि ताटातही असतो, हे त्या प्रश्नांनी मान्य केलंय. त्याआधी हवाई बेटांतल्या काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत न्याहाळलं होतं. गरिबी, भांडणं, आजारपणं अशा घरांतून आलेल्यांपैकी साधारण तिघांत एक मूल नीट उभं राहिलं. अशा मुलांच्या आयुष्यात बहुतेकदा मायेचं, भरवशाचं निदान एक मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाचे शेजारी.

प्रश्नावली हाती आली म्हणून मूल बोलतं होतं असं मात्र नाही. नववीच्या वर्गात असा कागद वाटला की पहिली शंका ठरलेली: "सर, याला मार्क आहेत का?" दुसरी, "नाव लिहायचं का?" मग कोपराचा आडोसा होतो, शेजारच्याच्या कागदाकडे नजर जाते आणि भराभर 'नेहमी', 'नेहमी', 'नेहमी' अशा खुणा पडतात. घरी मोकळेपणी बोलता येतं का, या ओळीपाशी मात्र एखादीचं पेन थबकतं. ती ओळ ती कोरी ठेवते. बेरीज करणाऱ्याला तो कोरा रकाना म्हणजे अपुरी माहिती. ऐकणाऱ्यासाठी सगळ्या कागदातली खरी ओळ तीच.

मधल्या काळात सरकारी योजना आल्या. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात मानसिक आरोग्य नाव घेऊन आलं. २०१६ मध्ये राज्यात दहावीला कल चाचणी आली, पण तिचा रोख करिअरवर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं सांगितलं. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

या सगळ्या काळातलं सर्वांत शिकवून जाणारं काम मला बिहारमधलं वाटतं. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने आधी गोव्यातल्या शाळांत हात बसवला आणि मग नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत 'सेहर' प्रकल्प राबवला. शाळेत एक पेटी ठेवायची, मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून तीत टाकायचं, भित्तिपत्रक चालवायचं, ज्याला हवं त्याने एकट्याने येऊन बोलायचं. काही शाळांत हे काम नेमून दिलेल्या शिक्षकाकडे होतं, काहींत केवळ याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाकडे. कार्यक्रम तोच, पेटी तीच. जिथे हे वेगळं माणूस होतं तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, उदासी, दादागिरी आणि मारहाण घटली. शिक्षकाकडे काम होतं तिथे काहीच फरक पडला नाही. शिक्षकाचं मन छोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण जो गुण देतो, हजेरी घेतो, घरी फोन करतो, त्याच्या हाती आपली चिठ्ठी द्यायला मूल धजावत नाही, असंच मला त्यावरून वाटतं.

टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये केंद्राचं 'मनोदर्पण' आलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक. फोनवर का होईना, ऐकणारा कान मिळाला. त्यानंतरच्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन स्वतः करण्याची जागा आहे. २०१० च्या प्रगतिपुस्तकात जे नव्हतं ते इथे आहे, म्हणून मला बरं वाटतं. धास्तीही वाटते, कारण ते शेवटी प्रगतिपत्रकच आहे, शाळेत राहणारं आणि पालकांच्या सहीला जाणारं. 'मला रात्री झोप येत नाही' हे त्यावर कोण लिहील? मनाच्या चाचपणीचा कागद मुलाच्या स्वतःच्या दप्तरात राहिला पाहिजे. कुणाला दाखवायचा ते त्याने ठरवावं, आणि जिवाला धोका दिसला तर मोठ्यांना सांगावं लागेल, हे त्याला भरण्याआधीच सांगून ठेवावं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. आता ही नेमणूक कागदोपत्री उरकू नये. चित्रकलेच्या किंवा पीटीच्या शिक्षकांच्या नावापुढे 'समुपदेशक' अशी जादा ओळ लिहून तर मुळीच नाही. त्या माणसाला शाळेत दार लावून घेता येईल अशी एक खोली हवी, आणि त्याच्या वेळापत्रकात परीक्षेची देखरेख नको.