स्क्रूड्रायव्हरने उघडणारं वाद्य

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वाद्याकडेही ते दुरुस्ती करणाऱ्याच्याच नजरेने पाहत: जो भाग झिजेल किंवा बिघडेल, तो काढून दुसरा बसवता आला पाहिजे. १९५१ साली त्यांनी बाजारात आणलेला प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस याच नजरेतून घडला. भरीव लाकडी बॉडी, तिला सरसाऐवजी चार स्क्रूंनी जोडलेला मेपलचा नेक, त्यावर स्वरांच्या जागा आखणाऱ्या २० धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, चार तारा, तारांखाली एक पिकअप आणि दोन नॉब. तासाभरात सुटा होईल आणि तासाभरात पुन्हा उभा राहील, असा हा बेस.

तोवर बँडमधला खर्ज माणसाच्या उंचीच्या डबल बेसवर अवलंबून होता. ड्रम आणि ट्रम्पेटच्या गदारोळात तो ऐकू येत नसे आणि दौऱ्यावर न्यायचा तर गाडीच्या टपावर बांधावा लागे. सिअ‍ॅटलमधल्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच ऑडिओव्हॉक्स ७३६ नावाचा, फ्रेट असलेला, आडवा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस तयार केला होता. पहिलेपणाचा मान न्यायाने त्यांचा. पण तो फारसा पसरला नाही. फेंडरचा ३४ इंची, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर तारेचा बेस मात्र जगभराचं माप होऊन बसला.

या वाद्याचा जीव पिकअपमध्ये असतो. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच त्याचं स्वरूप. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. नायलॉनची तार चढवली तर हा पिकअप मुकाच राहील, कारण त्याला हवेतला आवाज कळत नाही. त्याला फक्त आपल्या डोक्यावर पोलाद किती आणि कसं हललं, तेवढं कळतं.

म्हणूनच पिकअप कुठे बसवला आहे, हा प्रश्न कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा मोठा ठरतो. नेकच्या बाजूला तार मोठे हेलकावे घेते; तिथे मूळ स्वर भरघोस मिळतो. तारांचं बॉडीवरचं टोक धरणाऱ्या ब्रिजजवळ हेलकावा आखूड होतो, मूळ स्वर ओसरतो आणि त्या मानाने वरचे उपस्वर पुढे येतात. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेल्या हॉफनर ५००/१वर दोन्ही पिकअप नेककडे जवळजवळ बसवलेले होते. १९६३च्या त्याच मॉडेलवर त्यांतला एक ब्रिजकडे सरकला होता. गिब्सनच्या ईबी-० बेसवर रुंद हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) थेट नेकच्या टोकाशी होता, तारही ३०.५ इंची आखूड होती. त्याचा आवाज इतका जाड आणि गढूळ की वादकांनी त्या पिकअपचं नाव ‘मडबकर’ ठेवलं. नव्या पिकअपसाठी हजारो रुपये मोजताना हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या कंपनीचा पिकअप त्याच खाचेत बसवून मिळणारा फरक खरा असतो, पण जागा बदलून मिळणाऱ्या फरकापुढे तो लहान आहे.

फेंडरने १९५७ साली प्रिसिजनचा पिकअप दुभंगला, आणि विद्युत वाद्यांच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांमध्ये या युक्तीची गणना व्हायला हवी. साधी एकेरी कॉइल अँटेनासारखी वागते. घरातल्या वायरिंगची, ट्रान्सफॉर्मरची घरघर ती उचलते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. बेसची सर्वांत जाड, ई तार ४१ हर्ट्‌झवर बोलते आणि तिच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्‌झच्या आसपास येतो. म्हणजे भारतात ही घरघर नेमकी बेसच्या वस्तीत, जी स्वराला खेटून उभी असते. नव्या पिकअपमध्ये दोन छोट्या कॉइल झाल्या. एक ई आणि ए या तारांखाली, दुसरी डी आणि जी खाली, थोडी ब्रिजकडे सरकवलेली. दोन्हींचे वेढे परस्परांच्या उलट आणि चुंबकांची टोकंही उलट. बाहेरून आलेली घरघर दोन कॉइलमध्ये उलटसुलट उमटून एकमेकींना पुसते. तारांचा आवाज मात्र वजा होत नाही. शिवाय प्रत्येक तारेखाली एकाऐवजी दोन खुंट्या आल्या. तार आता खुंटीच्या डोक्यावर नाही तर दोघींच्या मधोमध डोलते, त्यामुळे सुरुवातीचा टोचरा ठोका मवाळ झाला. त्या पिकअपचा आराखडा आजही जवळजवळ तसाच विकला जातो.

१९६०चा जॅझ बेस दुसऱ्या वाटेने गेला. नेक निमुळता, वरच्या टोकाच्या नटपाशी जेमतेम दीड इंच, आणि एकेरी कॉइलचे दोन पिकअप. दोन्ही सारखे उघडले की घरघर जाते, मधल्या काही कंपनसंख्या एकमेकींत विरतात आणि तळ नि माथा उठून दिसतो. एकच उघडला की घरघर परत हजर. १९७०च्या दशकात कंपनीने ब्रिजकडचा पिकअप सुमारे एक सेंटिमीटर आणखी मागे नेला. तेवढ्याने आवाजाला काचेसारखी धार आली, आणि अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना ती मानवली. मार्कस मिलर यांचा प्रसिद्ध जॅझ बेस १९७७ सालचा, याच घडणीचा. न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी त्यात पिकअपचा क्षीण संकेत वाढवणारा प्रीअ‍ॅम्प बसवून दिला.

कारखान्यातून एकाच साली निघालेले दोन बेस किती वेगळी आयुष्यं जगू शकतात, हे पाहायचं तर १९६२ सालच्या दोन बेसकडे पाहावं. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन प्रिसिजन वाजवत. जाडजूड, गुळगुळीत वेढणीच्या फ्लॅटवाउंड तारा, फ्रेटपासून बऱ्याच उंच. ब्रिजच्या झाकणाखाली नाद दाबणारा फोमचा तुकडा. आणि तर्जनी एवढं एकच बोट. तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत. नव्या तारेची झळाळी त्यांना नकोच होती. दुसरा बेस जॅको पास्टोरिअस यांचा जॅझ. त्यातले फ्रेट निघाले, रिकाम्या खाचा भरल्या गेल्या आणि फिंगरबोर्डावर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा कडक थर चढला. इपॉक्सीमुळे खरबरीत वेढणीच्या राउंडवाउंड तारा लाकूड कुरतडत नसत आणि स्वर लांब टिकत असे. वर ब्रिजकडचा पिकअप उघडून त्याच्या आसपासच बोटं चालवायची. १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर बेसवरची मींड ही एक स्वतंत्र बोली झाली. एकाने मिळेल तिथे उपस्वर मारले, दुसऱ्याने शक्य तिथून ते ओढून काढले. दोघांच्याही पिकअपमधली मूळ रचना कारखान्याचीच होती.

पिकअपची तुलना करणारे बहुधा एका आकड्यावर अडतात: कॉइलचा रोध. प्रिसिजनचा १० ते ११ किलो-ओहमच्या आसपास, जॅझचा ७ ते ८. आकडा मोठा म्हणजे पिकअप ‘गरम’, अशी समजूत आहे. वेढे वाढले की जोर वाढतो आणि वरच्या कंपनसंख्या गळतात, एवढं खरं. पण तीच तार आणखी बारीक घेतली तर वेढे न वाढवताही रोध वाढतो. चुंबक अल्निकोचा की सिरॅमिकचा, कॉइल उंच नि सडपातळ की बुटकी नि पसरट, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. दोन सारख्या घडणीचे पिकअप तोलायला तो ठीक. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

वेढे कसे घातले, यालाही मोल आहे. अबिगेल इबारा १९५६ पासून फेंडरमध्ये कॉइल गुंडाळत होत्या. यंत्र बॉबिन फिरवी, पण तार बोटांनी सोडावी लागे. त्यामुळे वेढे थोडे विस्कळीत पडत आणि प्रत्येक कॉइल किंचित निराळी निघे. त्यांच्या हातचे पिकअप संग्राहक आजही शोधतात. २०१३ साली त्या निवृत्त झाल्या. फेंडरच्या आवाजाबद्दल लिहिताना लिओंचं नाव येतं, मोठमोठ्या वादकांची येतात. कॉइलच्या टेबलाशी बसलेल्या बायकांचं नाव त्याच पंक्तीत यायला हवं.

१९७०च्या दशकात बेसच्या पोटात बॅटरी शिरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला अलेंबिकने कमी रोधाचे पिकअप आणि आत प्रीअ‍ॅम्प असे महागडे बेस बनवले. स्टॅन्ली क्लार्क यांच्या हातात ते जगाने पाहिले. फेंडर कंपनी १९६५ सालीच सीबीएसला विकून मोकळे झालेले लिओ १९७६ साली म्युझिक मॅनच्या स्टिंगरेमधून परतले: एक मोठा हंबकर, ९ व्होल्टची बॅटरी, आणि बेस-ट्रेबल वाढवायची सोय बेसवरच. त्याच वर्षी रॉब टर्नर यांनी जी कंपनी काढली तीच पुढे ईएमजी झाली. तिने प्रीअ‍ॅम्प थेट पिकअपच्या डबीतच कोंबला. लांब केबलमधून गेल्यावर साध्या पिकअपचा माथा झिजतो, तो इथे झिजत नाही. घरघर कमी, आवाज स्वच्छ. मात्र कार्यक्रमाच्या मध्यात बॅटरी संपली तर खर्जही संपला.

जोडकामाचं टोक गाठलं बिली शीहान यांनी. प्रिसिजनच्या आवाजावर ते खूश होते, फक्त त्यांना त्याखाली आणखी एक मजला हवा होता. त्यांनी नेकच्या टोकाशी लाकूड कोरून गिब्सन ईबी-०चा तोच गढूळ हंबकर बसवला आणि त्याला वेगळा जॅक दिला; खालचा गडगडाट एका अ‍ॅम्पला, वरची धार दुसऱ्याला. एकटा ऐकताना निरुपयोगी वाटणारा पिकअप योग्य सोबतीत कसा कामाला येतो, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. यामाहाने पुढे याच मांडणीवर त्यांच्यासाठी अ‍ॅटिट्यूड बेस काढला. फेंडरनेही पास्टोरिअस आणि मिलर यांच्या बदललेल्या बेसवरून मॉडेलं काढली. प्रिसिजनला ब्रिजकडे जॅझचा पिकअप जोडायचा, हा तर एके काळचा घरगुती उद्योग. आज तो ‘पीजे’ या नावाने कारखान्यातूनच तयार मिळतो.

मुंबईत हे वाद्य रुजलं ते चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, आणि त्या काळच्या गाण्यांतली बेसची चाल वेगळी ऐकली तर खर्ज केवळ ताल धरून बसत नाही, गाण्याशी बोलत जातो, हे कळतं. आज याच शहराची मोहिनी डे जगभरच्या मंचांवर वाजवते. मुंबई-गोव्यातल्या बेसवाल्याला मात्र एक जादा शत्रू आहे: खारी, दमट हवा. तारा गंजतात, नॉबखालचे पॉट (पोटेन्शिओमीटर) खरखरतात, पावसाळ्यात नेक वाकतो आणि त्याच्या आतला ट्रस रॉड थोडा फिरवावा लागतो. कित्येक ‘वाईट’ पिकअप प्रत्यक्षात गंजलेल्या तारा किंवा सुटलेलं सोल्डर असतात.

म्हणून बदलाला सुरुवात करायची ती स्वस्त टोकाकडून. आधी तारा; फ्लॅटवाउंड आणि राउंडवाउंड यांतला फरक दोन पिकअपमधल्या फरकाहून मोठा असतो. मग पिकअपची उंची. तंबोऱ्याची जवारी लावताना सुताचा धागा केसभर सरकला की नाद पालटतो, तसाच इथे स्क्रूचा अर्धा फेरा पुरतो. पिकअप फार वर घेतला तर चुंबक जाड तारेला ओढून धरतो आणि सूर थरथरतो. नंतर पॉट आणि कपॅसिटर. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या बुधवार पेठेत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा असेल तर त्यावर ४७३ छापलेलं असतं. २५० किलो-ओहमचं पॉट घेताना ते ऑडिओ टेपरचं आहे की लिनिअर, हे विचारून घ्यावं आणि त्याची दांडी बेसच्या भोकात बसते का, तेही पाहावं. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली की बाहेरची खरखर घटते. ट्रान्सफॉर्मरची घरघर तिने हटत नाही, कारण ती चुंबकीय असते आणि तांब्याची पातळ पट्टी तिला अडवू शकत नाही. जॅझ बेसला एक पुश-पुल पॉट लावून दोन पिकअप सीरिजमध्ये जोडले तर नवा पिकअप न घेताच प्रिसिजनच्या अंगाने जाणारा भरदार मध्य मिळतो. चिकित्सक वादकाने हा एक बदल तरी करून पाहावाच.

यानंतरही पिकअप बदलायचा असेल तर आधी माप. जॅझचा नेककडचा पिकअप ब्रिजकडच्याहून काही मिलिमीटर लहान असतो, पण अनेक स्वस्त बेसवर दोन्ही एकाच लांबीचे असतात. पेटी उघडल्यावर हे कळलं तर लाकूड तासण्याची पाळी येते. तुलना करायची तर त्याच तारा, तोच हात, तीच केबल, अ‍ॅम्पला न लावता थेट ध्वनिमुद्रण, आणि दोन्ही नमुन्यांची पातळी समान. कारण जरा मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. मग तो ड्रमच्या सोबत लावावा. खोलीत एकटा ऐकताना भरजरी वाटलेला आवाज तिथे कित्येकदा हरवतो, आणि किंचित नाकातला, मध्यावर भर देणारा साधा प्रिसिजन सगळ्यांतून वाट काढतो. जुना, मूळ सोल्डर शाबूत असलेला बेस हाती आला असेल तर त्यातला काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा. ते भाग जवळ असले तर बेस पूर्ववत करता येतो, आणि विकायची वेळ आली तर पारखी गिऱ्हाईक सर्वांत आधी त्यांच्याबद्दलच विचारतं.