शेणाचा हिशेब आणि गावाचा वायू

कृष्णराजनगर : म्हैसूर जिल्ह्यातील या तालुक्यात संक्रांतीच्या सुमारास चुंचनकट्टे येथे गुरांची मोठी जत्रा भरते. कावेरीच्या धबधब्यालगतच्या मैदानावर हळ्ळीकार जातीच्या बैलजोड्यांच्या रांगा लागतात आणि जुन्या म्हैसूर प्रांतातील शेतकरी सौद्यासाठी येतात. परंतु जत्रेबाहेरच्या गावांत चित्र पालटले आहे. नांगरटीचे काम ट्रॅक्टरकडे गेले, बैलांची जागा गोठ्यात बांधलेल्या संकरित गायींनी घेतली, आणि गावच्या अर्थकारणात दूध उत्पादक संस्थेचे स्थान बळकट झाले. देशभरचा कल याहून वेगळा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशी गोवंशाची संख्या सुमारे सहा टक्क्यांनी घटली, तर विदेशी व संकरित गुरांची संख्या सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली.

हा बदल सहसा दुधाच्या संदर्भात चर्चिला जातो. इंधनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मात्र फारसे ध्यानात घेतले गेलेले नाही. रानात चरणाऱ्या जनावराचे शेण माळावर विखुरते. गोठ्यात बांधलेल्या गायीचे शेण एकाच जागी, रोज आणि मोजता येईल अशा प्रमाणात मिळते. जैववायूच्या संचाला हेच हवे असते. शिवाय मिथेन निर्माण करणारे जिवाणू पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक कार्यक्षम असतात आणि थंडीत मंदावतात. उत्तर भारतात हिवाळ्यात वायूचे उत्पादन घटते. म्हैसूरच्या समशीतोष्ण हवेत ती अडचण सौम्य आहे. कृष्णराजनगर हा भाताचा आणि उसाचा सिंचित पट्टा आहे. गुरे आहेत, पाणी आहे, हवामान अनुकूल आहे. मग अशा तालुक्यांत जैववायू हे प्रमुख इंधन का झाले नाही?

तंत्रज्ञान नवे आहे, असे म्हणण्याची सोय नाही. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू मिळवण्याचा प्रयोग १८९७ मध्येच झाला होता. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या पिंपाचा संच विकसित केला आणि साठच्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. महाराष्ट्रातील खेड्यांत ‘गोबर गॅस’ हा शब्द रुळला तो याच काळात. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाला. १९८४ मध्ये स्वस्त, घुमटाकार ‘दीनबंधू’ संच आला. आजवर देशात सुमारे ५० लाख कौटुंबिक संच बांधले गेले. त्यांतील किती चालू आहेत, हा प्रश्न मात्र अनुदानाच्या आकडेवारीत क्वचितच विचारला जातो. लोखंडी पिंप गंजते, नळीत पाणी साचते, टाकीत साय धरते. हे सारे दोष किरकोळ असतात, पण दुरुस्तीला कोणी येत नसेल तर किरकोळ दोषही संच कायमचा बंद पाडतो.

या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर कर्नाटकातच, तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल तालुक्यातल्या पुरा या लहानशा गावात मिळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. या गटाने पुरा येथे सामुदायिक जैववायू संच उभारला. आरंभीचा हेतू होता घरोघरी स्वयंपाकाचा वायू देण्याचा. तो सफल झाला नाही, कारण साऱ्या गावाच्या चुली पेटतील इतका वायू उपलब्ध शेणातून मिळेना. काही घरांना वायू मिळावा आणि काहींना मिळू नये, ही व्यवस्था कोणत्याही गावात टिकणारी नव्हती.

त्यानंतर जे घडले ते धोरणकर्त्यांनी अभ्यासावे असे आहे. संशोधकांनी यंत्र बदलण्यापूर्वी प्रश्न बदलला. सर्वांना समान हवे असलेले, पण थोड्या वायूत देता येईल असे काय आहे? गावाने उत्तर दिले : पिण्याचे पाणी आणि दिवे. १९८७ पासून तो वायू इंजिनाला जोडून वीज निर्माण होऊ लागली. विंधन विहिरीचे पाणी नळांपर्यंत आणि प्रकाश घरांपर्यंत पोहोचला. शेण घालणाऱ्या प्रत्येक घराची नोंद होई, किलोमागे दोन पैसे मिळत, आणि पचन झालेला शेणकाला खतासाठी त्याच घराला परत मिळे. संच चालवण्याचे काम गावातीलच तरुणांकडे होते. पाण्याच्या खेपा वाचल्याने स्त्रियांचा या व्यवस्थेत थेट स्वार्थ निर्माण झाला. ती कित्येक वर्षे चालली, आणि तिचे गुपित टाकीच्या रचनेइतकेच तिच्या हिशेबाच्या वहीत होते.

हाच हिशेब आजच्या कृष्णराजनगरसारख्या भागात मांडून पाहता येईल. समजा, एका गावात गोठ्यात बांधलेल्या दोनशे संकरित गायी आहेत आणि प्रत्येकीचे पंधरा किलो शेण हाती लागते. रोजचे तीन टन शेण झाले. किलोमागे साधारण ४० लिटर या दराने १२० घनमीटर वायू मिळेल. चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी दोन घनमीटरचा संच योग्य मानला जातो. म्हणजे केवळ साठ कुटुंबांची सोय झाली. गाव दोन-अडीचशे उंबऱ्यांचे असेल तर पुराची पहिली अडचण जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. तोच वायू इंजिनात वापरला तर घनमीटरमागे सुमारे दीड युनिट धरून दिवसाला १८० युनिट वीज होते. दूध संस्थेतील शीतकरण यंत्र, पाण्याचा पंप, शाळेतील आहाराचे स्वयंपाकघर यांच्यासाठी तिचा विचार करता येतो. मुबलकतेच्या कल्पनेतून आखलेली योजना कोसळते; मर्यादा ओळखून आखलेली तग धरते.

यात एक धोकाही आहे. शेणाला भाव आला की ते ‘टाकाऊ’ राहत नाही. आज भूमिहीन घरांतील स्त्रिया वाटेवरचे, माळावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापतात. त्यांच्या चुलीचे इंधन सामुदायिक टाकीत गेले आणि वायूची नळी गायी बाळगणाऱ्यांच्याच घरी पोहोचली, तर गरिबाचे इंधन श्रीमंताकडे वळवल्यासारखे होईल. म्हणून गोळा करून आणलेल्या शेणालाही तोच दर मिळाला पाहिजे. छत्तीसगडने २०२० मध्ये किलोला दोन रुपये दराने शेणखरेदी सुरू केली, त्यामागील विचार याच दिशेचा होता. गुजरातमध्ये बनास डेअरीने डीसानजीक दामा येथे शेण विकत घेऊन वाहनांसाठी वायू तयार करण्याचा प्रकल्प चालवला आहे. आणंद जिल्ह्यातील झकरियापुरा येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने घरोघरी संच बसले. वायू घरात राहतो आणि उरलेल्या शेणकाल्याची विक्री स्त्रियांची सहकारी संस्था करते. दोन्ही उदाहरणांत दुधाची संस्था हा समान धागा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ माप घेणारी, नोंद ठेवणारी आणि पैसे चुकते करणारी यंत्रणा जिथे आधीच आहे, तिथे शेणासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.

भाताच्या पेंढ्याबाबतही सावधपणा हवा. पंजाबात पेंढा जाळला जातो; तेथे संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे २०२२ मध्ये पेंढ्यापासून दिवसाला सुमारे ३३ टन संपीडित जैववायू देऊ शकणारा प्रकल्प सुरू झाला. परंतु दक्षिणेत पेंढा ही वैरण आहे. ती टाकीत घालणे म्हणजे गायीच्या तोंडचा घास काढणे होय. याउलट साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे रस गाळताना उरणारा गाळ, हा या भागाला आणि कोल्हापूर-सांगलीलाही अधिक सोयीचा कच्चा माल आहे. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के इतका हा गाळ निघतो आणि सुमारे पंचवीस टनांतून एक टन संपीडित वायू मिळतो.

शहरी कचऱ्याचा प्रश्न याहून निराळा. इंदूरचा प्रकल्प २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेने सुरू झाला, तो नागरिकांनी कचरा घरातच वेगळा केल्यामुळे. कृष्णराजनगर हे शहरच कावेरीच्या पुराने दिलेल्या धड्यातून उभे राहिले. जुन्या येडतोरेचे पुरात नुकसान झाल्यावर १९२५ ते १९३० च्या दरम्यान नवे नगर वसवले गेले आणि चौथ्या कृष्णराज वडियार यांचे नाव त्याला मिळाले. येथून कावेरी पुढे कृष्णराजसागर जलाशयात जाते. त्यामुळे येथील बाजाराचा, खानावळींचा आणि वसतिगृहांचा ओला कचरा पचवणे हा केवळ इंधनाचा प्रश्न नाही; तो नदीकाठच्या पुढच्या साऱ्या वस्त्यांच्या पाण्याचाही आहे. अशा लहान प्रमाणासाठी पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्या अन्नावर चालणारा आटोपशीर संच सिद्ध केला आणि त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

इतर विकसनशील देशांचा अनुभवही हेच सांगतो. नेपाळने १९९२ पासून चालवलेल्या कार्यक्रमात अनुदान गुणवत्तेच्या तपासणीशी आणि बांधणाऱ्या कंपनीच्या हमीशी जोडले. रवांडाने तुरुंगांतील मैल्यावर संच चालवून स्वयंपाकाच्या लाकडाची गरज लक्षणीय घटवली. दोन्ही ठिकाणी देखभालीची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरले होते.

केंद्राच्या धोरणाचा कल मात्र मोठ्या प्रकल्पांकडे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘सतत’ योजनेने २०२३-२४ पर्यंत पाच हजार संपीडित वायू प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्पांची संख्या शंभराच्याही आत होती. आता शहर वायू वितरकांना २०२५-२६ पासून एक टक्का आणि २०२८-२९ पासून पाच टक्के जैववायू मिसळणे बंधनकारक करण्याचे ठरले आहे. शेणकाल्यापासूनच्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपयांचे साहाय्यही २०२३ मध्ये मंजूर झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. स्वयंपाकाच्या वायूचा सुमारे साठ टक्के पुरवठा आयातीवर अवलंबून असलेल्या देशाला ती आवश्यकही आहेत. परंतु मोठा प्रकल्प शेण, गाळ आणि खत हे तिन्ही गावाबाहेर नेतो. गावाकडे काय परत येणार, याचे उत्तर करारात लिहिलेले नसेल तर जमिनीचा कस वायूबरोबर शहराकडे जाईल.

म्हणून अनुदानाची अट बदलणे हे पहिले काम आहे. टाकी बांधल्याबद्दल पूर्ण रक्कम देण्याऐवजी तिचा मोठा भाग संच दोन-तीन वर्षे चालल्यानंतर द्यावा. दर काही गावांमागे एक प्रशिक्षित दुरुस्ती कारागीर दूध संघाच्या वेतनावर असावा. शेणाचा दर, शेणकाल्यातील वाटा आणि वायूचा उपयोग हे तिन्ही ग्रामसभेत ठरावेत, आणि त्या सभेत चूल सांभाळणाऱ्या स्त्रियांचे मत नोंदले जावे. पुराच्या ग्रामस्थांनी दोन पैशांच्या हिशेबावर पाणी आणि प्रकाश मिळवला होता. दुधाचे माप रोज दोन वेळा घेणाऱ्या कृष्णराजनगरच्या संस्थांना तो हिशेब अवघड जाऊ नये.