पळसदरी परिसरातील बागवृक्ष आणि पाळीव कुत्र्या-मांजरांची सुरक्षितता : हिकरीच्या निमित्ताने

प्रस्तावना :
कर्जत-खोपोली लोहमार्गावरील पळसदरीच्या नावातच वृक्ष आहे. गेल्या काही दशकांत कर्जत व खालापूर तालुक्यांत शेतघरे आणि सुट्टीतील निवासस्थाने वाढली. त्यांच्याभोवती शोभेची झाडे लागली आणि त्याच अंगणात पाळीव कुत्री-मांजरे मोकळी वावरू लागली. झाडांची निवड करताना अनेकदा परदेशी सूचींचा आधार घेतला जातो. अशा सूचींतील ‘निर्विष’ हा शेरा कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात हिकरी वृक्षाच्या उदाहरणाने केला आहे.

हिकरी : वृक्ष निर्विष, फळ सापेक्ष :
हिकरी हा अक्रोडाच्या कुलातील, मुख्यतः उत्तर अमेरिकेतील वृक्ष होय. ‘ए.एस.पी.सी.ए.’ या अमेरिकन प्राणिदया संस्थेच्या सूचीत हिकरीच्या अनेक जाती कुत्र्या-मांजरांसाठी निर्विष म्हणून नोंदविल्या आहेत. तथापि जमिनीवर पडून ओल धरलेल्या फळांवर बुरशी वाढल्यास त्यांत पेनिट्रेम-ए यांसारखी विषे निर्माण होऊ शकतात. ती पोटात गेल्यास कुत्र्याला कंप सुटतो व आकडीही येते. अखंड गिळलेल्या कठीण कवचामुळे आतड्यात अडथळा निर्माण होतो, तो वेगळाच. हिकरी सह्याद्रीतील वृक्ष नाही. परंतु शहरांतील दुकानांत मिळणारे पेकन हे हिकरीच्याच प्रजातीचे फळ आहे, आणि अक्रोड तर घरोघरी असतो. पावसाळ्यात बुरशी लागलेला असा सुकामेवा उघड्या कचऱ्यात टाकणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अंगणातील खरे धोके :
कण्हेर व बिट्टी (पिवळी कण्हेर) यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. कडू चवीमुळे जनावरे तोंड लावत नाहीत, म्हणून ही झाडे कुंपणाला लावली जातात. परंतु वाळलेल्या पानांतही विष टिकून राहते. सायकसच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, यकृताचा नाश करणारे सायकासिन असते. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. प्रारंभीच्या उलट्या थांबल्यावर प्राणी बरा झाल्यासारखा वाटतो आणि यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. कोकणातील जंगलांत आढळणाऱ्या काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असून त्यामुळे तीव्र आकड्या येतात.

प्राण्यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. कुत्रा पुढ्यात येईल ते गिळतो. मांजर तुलनेने चोखंदळ असते. मात्र काही रसायनांचे विघटन करण्याची तिच्या यकृताची क्षमता मर्यादित आहे. शिवाय ती अंग चाटत असल्याने केसांवर लागलेला चीक वा परागही तिच्या पोटात जातो. कुंडीतील लिली कुत्र्याचे सहसा केवळ पोट बिघडवते, मांजरीचे मात्र मूत्रपिंड निकामी करू शकते.

उपाययोजना :
विषबाधेची शंका येताच तोंडातील अवशेष काढावेत, प्राण्याला आकडी येत असल्यास मात्र तोंडात हात घालू नये. झाडाची फांदी वा बी सोबत घेऊन, खाल्ल्याची वेळ नोंदवून तत्काळ पशुवैद्यक गाठावा. दूध, तूप वा मिठाचे पाणी बळेच पाजू नये. ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. मिठाचे अधिक प्रमाण स्वतःच विषासमान ठरते. खेड्यातून सुसज्ज पशुरुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ पाहता लक्षणांची वाट पाहणे घातक होय.

निष्कर्ष :
झाडाचे नाव एवढ्यावरून सुरक्षितता ठरत नाही. कोणता भाग, कोणत्या अवस्थेत, कोणत्या प्राण्याने आणि किती खाल्ला, या चारही प्रश्नांची उत्तरे आवश्यक असतात. हिकरीसारख्या दूरदेशीच्या वृक्षाची चौकशी करताना कुंपणावरची कण्हेर व दारातील सायकस दृष्टीआड होऊ नयेत. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी संयुक्तपणे आपल्या परिसरातील वृक्षांची या चार निकषांवर नोंद केल्यास तिचा उपयोग अभ्यासकांइतकाच ग्रामस्थांनाही होईल.