डोंगरातल्या डब्याची ओळखपरेड

कानद, गुंजवणी, वेळवंडच्या खोऱ्यांत पाऊस बसला की वीज जाते. ती परत येते तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा इंटरनेटचा डबा काय करतो, याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. ‘पॉन’ लिहिलेला हिरवा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. तेवढ्या वेळात त्या डब्यानं ‘मी आलोय’ असं कळवलेलं असतं, आपली ओळख पटवलेली असते आणि बोलण्याची पाळी मिळवलेली असते. हे सगळं कोणत्या नियमांनी घडतं, यावर भोर-वेल्ह्यासारख्या भागात दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा दिवस अवलंबून असतो.

केंद्र सरकारनं 2011 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2015 पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेची मूळ रचना साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी, सहसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ओएलटी नावाचं मुख्य यंत्र. तिथून निघालेली फायबर वाटेत स्प्लिटरमध्ये फुटते आणि गावोगावच्या डब्यांपर्यंत, म्हणजे ओएनटीपर्यंत जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही. डोंगराळ मुलखात हा फार मोठा गुण.

वरून येणारा प्रकाश सगळ्या डब्यांना एकदमच मिळतो. अडचण उलट दिशेनं जाताना येते. एकाच तारेवरून अनेक गावांना बोलायचं असल्यानं ओएलटी प्रत्येकाला वेळ वाटून देतं. पण नव्यानं सुरू झालेल्या डब्याला ना पाळी माहीत असते, ना तो किती लांब आहे हे ओएलटीला ठाऊक असतं. तो मध्येच बोलला तर दुसऱ्या गावाचा डेटा बिघडेल. म्हणून ओएलटी ठरावीक काळानं बाकी सगळ्यांना गप्प ठेवतं आणि विचारतं, ‘कुणी नवीन आहे का?’

ही शांतता किती वेळ हवी, हे कागदावर काढता येतं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. अशा जाळ्यांच्या जीपॉन पद्धतीत अंतराची नेहमीची मर्यादा 20 किलोमीटर. जाऊन-येऊन झाले 200 मायक्रोसेकंद. त्यात प्रत्येक नव्या डब्यानं उत्तराआधी मुद्दाम थांबायचा 48 मायक्रोसेकंदांपर्यंतचा यादृच्छिक वेळ धरला की साधारण 250. सेकंदाचा चार हजारावा भाग!

हे मुद्दाम थांबणं मला सगळ्यात सुंदर वाटतं. अख्ख्या खोऱ्याची वीज एकदम आली की सगळे डबे एकदमच हजेरी द्यायला उठतात. प्रत्येक जण वेगवेगळा वेळ थांबला की उत्तरं एकमेकांवर आदळण्याची शक्यता घटते. आदळलीच, तर पुढच्या शांततेत पुन्हा प्रयत्न. मग ओएलटी प्रत्येकाचं अंतर मोजतं आणि जवळच्यांना जास्त थांबायला सांगून सर्वांना जणू एकाच अंतरावर आणून बसवतं.

इथवरचं काम प्रोटोकॉलचं. पुढचा निर्णय माणसांचा: हजेरी देणाऱ्या कुणाला आत घ्यायचं? डब्याच्या स्टिकरवर बारा खुणांचा अनुक्रमांक असतो. पहिली चार अक्षरं उत्पादकाची, उरलेला भाग त्या डब्याचा. दिसेल त्या अनुक्रमांकाला प्रवेश देणं सोपं, पण मग रस्त्याकडेच्या उघड्या पेटीत कुणीही तार जोडू शकतो. फक्त यादीतल्या अनुक्रमांकांनाच घ्यायचं ठरवलं, तर विजेनं जळालेला डबा बदलल्यावर दूरच्या कार्यालयात कुणी नवा क्रमांक नोंदवेपर्यंत गाव ताटकळतं. तिसरा मार्ग आहे: ओळख डब्याशी न बांधता जागेशी बांधायची. प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःचा नोंदणी संकेतशब्द द्यायचा. तो टाकून पहिल्यांदा जोडलेल्या डब्याचा अनुक्रमांक यंत्रणा लक्षात ठेवते आणि त्यानंतर दुसऱ्याला आत घेत नाही. डबा बदलायचा तेव्हा तेवढं कुलूप उघडायचं. एका फोनवर होणारं काम आहे हे. घाटातल्या गावांसाठी हाच नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

येण्याइतकंच जाणंही कळावं लागतं. वीज तुटताच डब्यातल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या ऊर्जेवर तो एक शेवटचा निरोप पाठवू शकतो: माझी वीज गेली. तो निरोप आला, तर वायरमनला कळवायचं. निरोप न देता एकाच मार्गावरचे अनेक डबे गप्प झाले, तर बहुधा फायबरच तुटली. मग फायबर सांधणारं स्प्लायसिंगचं यंत्र घेऊन माणूस निघाला पाहिजे. गावातही हा फरक दिसतो. डबा सुरू आहे आणि ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकतोय, म्हणजे प्रकाशच पोचत नाही. शेवटच्या निरोपाची सूचना ओएलटीवर बंद ठेवली, किंवा कुणी पाहतच नसेल, तर भर पावसात चुकीचा माणूस चुकीच्या गावी जातो.

डब्याच्या अलीकडे, कार्यालयाच्या आत, शोधाचे नियम वेगळे. तिथे प्रिंटर आणि संगणक एमडीएनएस, एसएसडीपी अशा प्रोटोकॉलनी एकमेकांना हाका मारतात. एमडीएनएसची हाक 224.0.0.251 या ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि त्या जाळ्यातल्या सगळ्यांना ऐकू येते. आवारातलं सार्वजनिक वाय-फाय आणि दाखले छापणारा प्रिंटर एकाच जाळ्यात असतील, तर ओट्यावर बसलेल्याच्या मोबाइललाही तो प्रिंटर दिसतो. ही हाक राउटर सहसा ओलांडत नाही, म्हणून दोन्ही जाळी वेगळी केली की प्रश्न बराचसा सुटतो. विंडोजमध्ये जाळं ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ हे ठरवायचं असतं, तेव्हा प्रश्न हाच असतो: इथे इतरांना दिसायचं का? कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्यावर प्रायव्हेट, बाकी सगळीकडे पब्लिक.