फुफ्फुसावरचा प्रत्येक डाग टीबीचा नसतो

महिनाभर न थांबणारा खोकला, थुंकीत रक्त, उतरत चाललेलं वजन आणि एक्स-रेमध्ये डाग. अशा वेळी आपल्याकडे पहिला संशय येतो तो टीबीचा. तो गैर नाही, कारण जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना नुसत्या डागावरून गोळ्या सुरू होतात, गुण येत नाही आणि महिने निघून जातात. डाग कर्करोगाचा असेल, तर तेवढ्या काळात गाठ वाढत राहते.

विडी-सिगारेट हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण. डॉल आणि हिल या संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास करून १९५० सालीच तो संबंध दाखवून दिला. तरीही कधीच न ओढणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होतो. प्रदूषित हवा, ॲस्बेस्टॉस, रेडॉन वायू आणि दुसऱ्याच्या विडीचा धूर हीही कारणं आहेत.

गाठ कसली, हे तिचा तुकडा तपासल्यावरच कळतं. सुई सीटी स्कॅनच्या मदतीने छातीतून घालतात किंवा श्वासनलिकेतून दुर्बीण उतरवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती अनाठायी आहे. सुमारे १५ टक्के रुग्णांत ‘स्मॉल सेल’ हा झपाट्याने पसरणारा प्रकार निघतो. उरलेले सुमारे ८५ टक्के ‘नॉन-स्मॉल सेल’. त्यात ॲडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे प्रमुख, आणि न ओढणाऱ्यांत ॲडिनोकार्सिनोमाच अधिक. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांतले बदल आणि पीडी-एल१ हे प्रथिन तपासतात. ईजीएफआरमधला बदल पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा भारतीय रुग्णांत जास्त आढळतो.

मग रोग कुठवर गेला, हे पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय सांगतात. पहिल्या टप्प्यात गाठ फुफ्फुसापुरती आणि चार सेंटिमीटरपर्यंत असते. दुसऱ्यात ती मोठी झालेली असते किंवा फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथींत शिरलेली असते. तिसऱ्यात बहुधा छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथींतही रोग शिरलेला असतो. चौथ्यात रोग मेंदू, हाडं, यकृत किंवा फुफ्फुसाभोवतालच्या पाण्यात पोचलेला असतो.

उपचार यावरून ठरतात. पहिल्या दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करून फुफ्फुसाचा तो भाग काढतात. शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर गाठीवर नेमकं रेडिएशन देतात. तिसऱ्यात अनेकांना केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन पुढे इम्युनोथेरपी देतात. चौथ्यात जनुकीय बदल सापडला, तर जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारख्या रोजच्या गोळ्यांनी रोग बराच काळ आटोक्यात राहू शकतो. तो नसेल, तर केमो, इम्युनोथेरपी किंवा दोन्ही. स्मॉल सेलमध्ये मुख्य भर केमोवर असतो. रोग छातीच्या एकाच बाजूला असेल, तर जोडीला रेडिएशन. वेदना आणि धाप कमी करणारे उपशामक उपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळायला हवेत.

दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांनी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. अमेरिकेत अशाच लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

घरात कुणाचा खोकला तीन आठवडे टिकला, तर छाती तपासून घ्या. टीबीची औषधं सुरू करताना ‘जंतू सापडले का?’ असं विचारा. औषधं घेऊनही डाग तसाच राहिला, तर तुकडा तपासण्याचा आग्रह धरा. आणि विडी-सिगारेट आजच सोडा.